डाव्या कानाचं वर्ष

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या म्युझिक कंपनीचं ऑफिस आहे. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. जिना चढून आलं की आधी एक लांब टेबल, मग सेठची काचेची केबिन आणि शेवटी स्टुडिओ. स्टुडिओच्या भिंतींना बाहेरून फोम दिसतो, आत जुन्या गाद्या भरल्यात. आमच्या भागात हळदीला, साखरपुड्याला, गणपतीत जी गाणी वाजतात त्यातली बरीचशी या गाद्यांच्या खोलीतून निघतात. आगरी गाणी, कोळी गाणी, सिंधी लग्नांत बायका गातात ते लाडे, अधूनमधून एखादी आरती. कुठलं गाणं घ्यायचं, कोणाकडून गाऊन घ्यायचं आणि कुठलं गोड बोलून परत पाठवायचं, हे मी ठरवते.

नातेवाइकांना हे काम अजून समजलेलं नाही. लग्नाकार्यात भेटले की विचारतात, "म्हणजे तू गातेस का?" मी गात नाही. मला साधी आरती एका सुरात म्हणता येत नाही. पण दुसऱ्याचा सूर लागला की नाही लागला, ते मला लगेच कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही.

मी अंबरनाथची. वडील तिथल्या कारखान्यात ऑफिसर होते आणि मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी त्यांची इच्छा होती. बी.कॉम. झाल्यावर परीक्षेची तयारी करता करता हाताला काम असावं म्हणून मी या कंपनीत बिलिंगला लागले. तेव्हा व्हीसीडीचे दिवस होते. माझं टेबल स्टुडिओच्या दाराला लागून होतं. एका दुपारी आत एका बाईंचं हळदीचं गाणं चाललं होतं, पुन्हा पुन्हा तेच कडवं. दार उघडं होतं. मी बिलं टाइप करता करता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ओरडतायत त्या. दोन सूर खाली द्या ना."

सेठ बाहेर आले. "कौन बोला?"

मला वाटलं, गेली नोकरी. मी उभी राहिले. सेठनी मला खालून वरपर्यंत बघितलं, मग आत वळून म्हणाले, "दो सुर नीचे दो."

ते गाणं त्या सीझनला कल्याणपासून मुरबाडपर्यंत वाजलं. तेव्हापासून कुठलंही नवं गाणं आलं की सेठ केबिनमधून हाक मारायचे, "बेटा, ज़रा कान दे." मी त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसायचे, ते गाणं लावायचे आणि संपलं की माझ्याकडे बघायचे. मी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही. बँकेच्या परीक्षा मागे पडल्या. वडील वर्षभर धुसफुसले, मग शेजाऱ्यांच्या हळदीत आमच्या कंपनीचं गाणं वाजल्यावर कोणाला तरी सांगताना मी त्यांना ऐकलं, "आमच्या मुलीनं निवडलंय हे."

व्हीसीडी गेल्या, कॉलर ट्यून आल्या, त्याही गेल्या, मग सगळं फोनवर आलं. आमच्यासारख्या कितीतरी छोट्या कंपन्या बंद पडल्या. आम्ही टिकलो. माझ्या कार्डावर 'कंटेंट हेड' छापून आलं. लग्न होऊन मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहायला आले. आणि गेल्याच्या गेल्या दिवाळीत सेठ म्हणाले, "अगली दिवाली के बाद मैं घर बैठूँगा. कंपनी तू चला. बेटा कॅनडा से आने वाला नहीं, और उसको ढोलकी और डफली का फ़र्क़ नहीं मालूम."

त्या वेळी माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येऊ लागून काही महिने झाले होते, आणि ते मला स्वतःलाही नीट कळलेलं नव्हतं.

कसं कळणार? बाजारात मला सगळं ऐकू यायचं. कॅम्प दोनच्या गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, भाजीवालीशी घासाघीस करताना काही अडायचं नाही. घरी आणि स्टुडिओत मात्र, जिथे शांतता असते तिथे, माणसं पुटपुटतायत असं वाटायचं. मला वाटे, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. वर ऑफिसातले मलाच म्हणायचे, "मॅडम, ज़रा ज़ोर से बोलो ना." आणि मला तर माझा आवाज डोक्यात घुमेल इतका मोठा वाटत होता.

मग ते हळदीचं गाणं आलं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो, त्याआधी ते बाहेर पडायला हवं होतं. गाणारी बाई बदलापूरजवळच्या गावातली. घरची थोडी शेती, चार म्हशी, आणि आवाज असा की माईक लांब ठेवावा लागतो. मी तिच्या दिराच्या लग्नात तिला ऐकून कंपनीत आणलं होतं. रेकॉर्डिंग छान झालं. मिक्सिंगला मी आणि आमचे रेकॉर्डिस्ट बसलो. ते माझ्याच वयाचे, अंबरनाथहून स्कूटरवर येतात, फार कमी बोलतात.

"ढोलकी डावीकडे पडते आहे," मी म्हणाले. "वाढवा."

त्यांनी मीटरकडे बघितलं. "मॅडम, बरोबर आहे."

"नाही. वाढवा."

त्यांनी वाढवली. मी आणखी वाढवायला सांगितली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं तसं केलं.

गाणं बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा फोन आला. "ताई, ढोलकीच वाजतेय निस्ती. माजा आवाज कुठं गेला गं?"

गाण्याखाली कमेंटमध्ये लोकांनीही तेच लिहिलं होतं, आणि लिहिताना भीडभाड ठेवली नव्हती. आम्ही गाणं उतरवलं, नीट करून पुन्हा टाकलं. सेठनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत रेकॉर्डिस्ट म्हणाले, "सेठ, माझा हेडफोन खराब होता." सेठ "हूँ" म्हणाले आणि विषय संपला.

मी त्या दिवशी दुपारी स्टुडिओत एकटी बसले, हेडफोन घातला आणि तेच गाणं लावलं. मग हेडफोन काढून उलटा घातला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आता ढोलकी उजव्या कानात खणखणीत वाजत होती, आणि डावीकडे जे आलं ते पडत होतं. फोन डाव्या कानाला लावून घरी रिंग दिली. लांब कुठेतरी, पाण्याखाली वाजावी तशी ती ऐकू आली.

ज्या एका गोष्टीवर मी बिलिंगच्या टेबलावरून इथवर आले ती गोष्ट चालली होती, आणि सेठ माझ्या हातात कंपनी देऊन बसले होते. कोणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टर जे सांगणार त्याची मला भीती होती. न विचारता राहिलं तर निदान नक्की काही नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. मीटिंगमध्ये उजवा कान समोर येईल अशी खुर्ची धरायची, फोन उजव्या हातात, मिक्स ऐकताना हेडफोन दोन्ही बाजूंनी घालून बघायचा. दिवसभर असं सावध राहून संध्याकाळी इतकी थकलेली असायची की घरी कोणाशी बोलायची ताकद नसे.

घरी सासूबाई असतात. त्या बोलक्या. त्यांचं माझं चांगलं जमतं, म्हणजे जमत होतं. त्या हिवाळ्यात त्या हळूहळू कमी बोलायला लागल्या. मला वाटलं, वय झालं.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी घरी आले तर सोफ्यावर त्यांची बॅग भरून ठेवलेली. त्या बाजूला साडीचा पदर खोचून बसल्या होत्या.

"काय झालं, आई? कुठे निघालात?"

"थोडे दिवस डोंबिवलीला लेकीकडे जाते."

"अहो, अचानक? काही आहे का तिकडे?"

"तिकडे काही नाही. इथेच काही नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "माणसाला कळतं आपण नकोसे झालो की. काल तीन वेळा विचारलं तुला, आमटीत गूळ घालू का. ओट्यापाशी शेजारी उभी होतीस. मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस. आणि हे कालचंच नाहीये."

मी खाली बसले. "तुम्ही माझ्या कुठल्या बाजूला उभ्या होतात?"

"आता बाजू काय विचारतेस?"

"सांगा ना. डाव्या?"

"पिंप डावीकडे आहे, मी पिंपापाशी होते."

मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत कोणापुढे आलं नव्हतं ते तिथे, त्या बॅगेशेजारी आलं. "आई, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही विचारलंत ते मला कळलंच नाही. कधीच कळलं नाही."

त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पाडव्यापासून देवाला विचारतेय माझं काय चुकलं, आणि हिला ऐकूच येत नाहीये?"

आधी त्याच हसल्या. मग मलाही हसू आलं, नाक पुसता पुसता. नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही दोघी बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावत होतो, आणि त्याला कोणीच काही नीट सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. कल्याणला एक कानाच्या डॉक्टर आहेत, बाई, सासूबाईंच्या भाचीची शस्त्रक्रिया त्यांनी केली होती. मला ऑफिसला जायचंय वगैरे मी म्हटलं, पण ते त्यांना ऐकू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी कानात डोकावून बघितलं. मग एक चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला.

"आवाज कुठे येतो?"

"डावीकडे," मी म्हणाले, आणि चकित झाले. "डावीकडे जास्त येतो!"

त्या हसल्या. तो चिमटा कानामागच्या हाडावर ठेवला, कानासमोर धरला, पुन्हा हाडावर ठेवला. मग मला एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले. सासूबाई माझा दंड धरून बसल्या होत्या.

"नस चांगली आहे," डॉक्टर म्हणाल्या.

नंतर त्या बरंच काही बोलल्या, पण त्या तीन शब्दांनंतरचं मी पुन्हा विचारून घेतलं. कानाच्या आत रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. आवाज आला की ते हलतं आणि आवाज पुढे ढकलतं. माझं ते हाड जागच्या जागी घट्ट बसलं होतं. बायकांमध्ये माझ्या वयात हे होतं. ऑपरेशन करून त्या हाडाच्या जागी छोटीशी दांडी बसवता येते. क्वचित एखाद्याचा कान पूर्ण जातो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण बहुतेकांचं चांगलं होतं. घाई नाही, विचार करून सांगा."

"मला गर्दीत बरं ऐकू येतं," मी घाबरत म्हणाले, हे वेडेपणाचं लक्षण असावं अशा आवाजात.

"येणारच. गर्दीत लोक मोठ्याने बोलतात, आणि गर्दीचा गोंगाट तुमच्या त्या कानाला तितका त्रास देत नाही. या आजारात असंच होतं."

माझ्यावरचं केवढं ओझं उतरलं! मला वेड लागत नव्हतं, मी म्हातारी होत नव्हते, माझं ऐकणं संपत नव्हतं. एक हाड अडकलं होतं. दवाखान्याबाहेर सासूबाईंनी उसाचा रस पाजला आणि रसवाला ओळखीचा असल्यासारखी सगळी गोष्ट त्याला सांगितली.

सेठना सांगायचं तर होतंच. मी केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कान, ढोलकी, रेकॉर्डिस्टने स्वतःवर घेतलेलं, ऑपरेशन, त्यातला धोका. शेवटी म्हणाले, "सेठ, दिवाळीचं तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी बघा. उद्या कान गेला तर मी कशावर निवडणार?"

सेठनी विचारलं, "कौन सा कान?"

"डावा."

"मेरा दाहिना." त्यांनी आपल्या उजव्या कानावर टिचकी मारली. "बिल्कुल बंद. शादी के पहले से. कान बहा था, डॉक्टर के पास कौन जाता था तब."

मला वाटलं ते माझी समजूत घालायला थाप मारतायत. मग मला ती खुर्ची आठवली, कायम त्यांच्या डाव्या हाताची.

"मग तुम्ही गाणी कशी घ्यायचात? मी यायच्या आधी?"

ते उठले, मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेले. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. "गाना लगाता था, दरवाज़ा खुला रखता था. नीचे सब सुनते थे. दूसरे दिन कोई कारीगर वही गुनगुना रहा है तो छापता था. नहीं तो नहीं." मग जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाले, "तू आई तो नीचे जाना बंद हुआ, घुटने दुखते थे. अरे, कान तो किसी का भी ले लो. मुँह पे ना बोलने वाला आदमी कहाँ मिलता है? तू पहिल्या दिवशी बोलली. बिलिंग की लड़की."

दिवाळीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ठरलं होतं ते ठरलेलंच होतं.

मग मी स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिस्टना सांगितलं. त्यांनी आवाजाचे फेडर खाली केले आणि म्हणाले, "माहितीये, मॅडम. तुम्ही हेडफोन उलटा घालायला लागलात तेव्हाच कळलं."

"बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलत नव्हता, मी कसं बोलणार? पण हळदीच्या गाण्यानंतर मी तुम्हाला मोनोच ऐकवायचो. दोन्हीकडे सारखं. तुम्ही ओके केलं की घरी जाऊन डावं-उजवं लावायचो."

इतके महिने मी एकटीने लपवलं असं समजत होते आणि हे माणूस रोज संध्याकाळी अंबरनाथला जाऊन माझं अर्धं काम करत होतं. मी त्यांना म्हटलं, यापुढे मिक्सचा शेवटचा शब्द तुमचा. कान बरा झाला तरी. ते "बरं" म्हणाले आणि फेडर पुन्हा वर केले.

ऑपरेशन पावसाळ्यात झालं. फक्त कान बधिर केला होता, मी जागी होते. तोंडावर हिरवं कापड, डोकं एका कुशीवर. आतून खरवडल्यासारखे, करकरल्यासारखे आवाज येत राहिले, त्यातलं काही ऐकणं होतं आणि काही नुसतं जाणवणं, ते वेगळं करता येत नव्हतं. मी हाताच्या मुठी आवळून पडले होते. मग अचानक, जसं कोणी खोलीचं दार ढकलावं, तशी समोरच्या एसीची घरघर आत आली. ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा टण् आवाज झाला आणि मी दचकले.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या. मग अगदी हळू, कुजबुजत, "मी म्हणते ते म्हणा. पोहे."

"पोहे."

"खिडकी."

"खिडकी."

"जांभूळ."

"जांभूळ," मी म्हणाले आणि कापडाखाली डोळ्यांतून पाणी आलं. ते कानात जाईल की काय अशी भीती वाटली म्हणून मी रडणं आवरलं. डॉक्टर जोरात बोलल्या नव्हत्या. कुजबुजल्या होत्या.

पुढचे काही आठवडे सोपे नव्हते. चालताना जमीन बोटीसारखी हलायची. जिभेच्या डाव्या बाजूला कशालाही पत्र्याची चव यायची, भातालासुद्धा. शिंक आली की तोंड उघडून शिंकायचं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. कानातली पट्टी काढल्यावर वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कोणी फटाके लावल्यासारखं वाटायचं. नळ, कुकर, पिशव्या, सगळं टोकदार. सासूबाई मुद्दाम डाव्या बाजूला येऊन हळूच काहीतरी बोलायच्या आणि मी उत्तर दिलं की समाधानाने आत जायच्या. एकदा म्हणाल्या, "तुला काय काय बोलले मी या वर्षात, ते ऐकलं नाहीस हे बरंच झालं म्हणा." मी विचारलं काय बोलला होतात, तर सांगितलं नाही.

चव हळूहळू परत आली. चक्कर थांबली. दिवाळीनंतर सेठ खरंच घरी बसले. त्यांच्या केबिनमध्ये मी बसते. पहिल्या आठवड्यात मी तीन गाणी परत पाठवली, एक घेतलं. ते एक चाललं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका पोराने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेलं गाणं घेतलं, ते चाललं. असंच असतं. आधीही असंच होतं, फक्त तेव्हा चुकलं की मी सेठकडे बघायचे, आता सगळे माझ्याकडे बघतात.

उजव्या कानालाही पुढेमागे हे होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्यात. वर्षातून एकदा तपासायचं. मागच्या महिन्यात मी एकटीच गेले. त्या खोक्यात बसले, बारीक बारीक टूं टूं आवाज आले की बटण दाबत राहिले. मधे एकदा इतकी शांतता झाली की मला वाटलं संपलं, आणि मग फार लांबून एक टूं आला, आणि मी दाबलं.

बाहेर डॉक्टरांनी कागद बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "सध्या काही नाही. पुढच्या वर्षी या."

मी बाहेर येऊन शेअर रिक्षात बसले. स्टँडवरच्या एका दुकानात कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीचं गाणं लागलं होतं. चाल बरी होती, पण गाणारा मुलगा वरच्या सुरात जाताना मागे ओढत होता. रिक्षा सुटेपर्यंत मी ते ऐकत बसले. ते माझं काम नव्हतं, आणि तरीही चेहरा हसरा झाला असणार, कारण रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मॅडम, आवाज़ बढ़ाने को बोलूँ उसको?"

"नको," मी म्हणाले, "येतंय ऐकू."